घाट चढणारं बिऱ्हाड

विशेभाऊ घाटात गेले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचं नाव निघालं की माझ्या दुकानात आलेला माणूस हमखास विचारतो, ते घाटातच गेले ना? ते गेले आसनगावच्या भाड्याच्या घरात. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. गाडी खाली अंगणात उभी होती आणि तिच्या मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले होते. अंगण सपाट आहे.

सपाट अंगणात चाकाला दगड लावणारा हा माणूस घरासारखी गाडी घेऊन माळशेज चढला. का चढला आणि कसा चढला, हे लोक आपापल्या परीने सांगतात. मी त्या गाडीत होते, म्हणून मी लिहिते.

भातसानगरच्या वसाहतीत आमच्या भिंतीला त्यांची भिंत होती. माझा नवरा धरणाच्या कार्यालयात, विशेभाऊ धरणाच्या दरवाज्यांवर. पाणी सोडायचं तर वरून निरोप यायचा. ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, खालच्या गावांसाठी भोंगा वाजवायचा आणि मगच यंत्राला हात लावायचा. नोकरीतली शिस्त लोक नोकरीत ठेवतात. विशेभाऊ ती डब्याच्या पिशवीतून घरी आणत. बायकोला म्हणायचे, दूध ठेवलंय, बघ. मग जागचे हलायचे नाहीत. "काय सांगितलं?" ते विचारायचे. आतून कुसुमवहिनी ओरडायच्या, "दूध बघते." तेव्हा कुठे ते आंघोळीला जायचे.

एकदा आमचा फ्यूज गेला. नवरा स्टुलावर चढून तार घालत होता आणि विशेभाऊ मेन स्विचपाशी उभे होते. मी सांगेपर्यंत चालू करू नका, असं नवऱ्याने बजावलं. विशेभाऊंनी ते शब्दाला शब्द परत म्हटलं. तार बसली, नवरा म्हणाला, करा चालू. विशेभाऊ म्हणाले, आधी खाली उतरा. नवरा उतरला. स्टूल सरकवा. त्याने सरकवलं. आता सांगा परत. पंखा फिरायला लागला तोवर गॅसवरचा माझा भात खाली लागून गेला होता.

उंच, जरासे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात दिवसाढवळ्या टॉर्च. घराला कुलूप लावून निघायचे आणि बसथांब्यावरून परत यायचे, कुलूप ओढून बघायला. आमच्या थांब्यावरचे कंडक्टर त्यांच्यासाठी क्षणभर जास्त थांबायला शिकले होते. कुणी हसलं तर म्हणायचे, "घाई पाण्याला, आपल्याला नाय." त्यांना भित्रा म्हणणारे वसाहतीत बरेच होते, आणि ते चुकीचे नव्हते. विशेभाऊ भित्रेच होते. मात्र आपली भीती ते दुसऱ्याच्या नावावर खपवत नसत.

कुसुमवहिनी अगदी उलट. डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या. आवाज खणखणीत. कुणाच्याही हळदीला धवळ्याची गाणी सुरू झाली की आधी वहिनींना शोधत. नवऱ्याची नक्कल त्या त्याच्यासमोर करायच्या, आणि तो खाली मान घालून हसायचा.

मग वहिनींच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि शौचासाठी पोटावर पिशवी आली, कायमची. शहापुरात माझं मेडिकल आहे. त्या पिशव्या मीच मागवून देते, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे की त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणसं त्या पिशवीनिशी शेतावर जातात, लग्नात नाचतात. हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घराबाहेर पडणं बंद केलं. कधी आवाज होईल, कधी वास सुटेल, कधी पिशवी भरेल आणि जवळपास संडास नसेल, ह्याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. एसटी बंद, लग्नं बंद, हळदीकुंकू बंद. निवृत्तीनंतर वसाहतीतलं घर सोडावं लागलं आणि दोघं आसनगावला आली. त्या दिवशी तेवढ्या प्रवासापुरत्या वहिनी बाहेर पडल्या, त्याही टेम्पोत सामानाच्या मध्ये बसून.

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा घाटावर, ओतूरच्या पुढे दिलेली. तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. वहिनींनी मला नाय जमणार असं सांगून टाकलं. मग सासरीच होऊ दे असं ठरलं. सासरची माणसं वाईट नव्हती, पण निदान बारशाला तरी आई येणार का, एवढं त्यांनी विचारलं. नंदाने फोनवर एकदाच म्हटलं, आई, तू ये. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ते वहिनींना जास्त लागलं.

विशेभाऊंनी ह्यावर काय करावं? भिवंडीकडून शाळेची जुनी मिनीबस आणली आणि आतल्या सगळ्या सीट काढून टाकल्या. एक पलंग, शेगडीचा ओटा, छोटं बेसिन, आणि मागच्या कोपऱ्यात आतून कडी लागणारा संडास. पलंगाखाली, थेट मागच्या टोकापर्यंत, पाण्याची टाकी. कागदपत्रं, पासिंग सगळं चोख, कारण पोलिसाने थांबवलं तर त्यांना घाम फुटतो. लोक त्या गाडीला विशेंचं बिऱ्हाड म्हणायला लागले. काही हसून म्हणत, काही कौतुकाने. बायको घराबाहेर येत नाही तर घरच घेऊन जायचं, एवढा साधा त्यांचा हिशोब होता. अडचण एकच होती. मध्ये माळशेज घाट होता, आणि विशेभाऊंनी सगळ्या आयुष्यात धरणावरच्या जीपखेरीज काही चालवलं नव्हतं.

ते शिकायला लागले. आधी शहापूर ते किन्हवली, मग सरळगावपर्यंत. सपाटीला त्यांचा हात बरा होता. घाटाचा अभ्यास मात्र त्यांनी एसटीतून केला. मुरबाडला जायचं, ओतूरकडे जाणारी गाडी धरायची, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचं आणि वर पोचलं की खाली येणारी पहिली गाडी धरून परत यायचं. घरी सांगायचं, कल्याणला काम होतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने त्यांना त्या सीटवर पाहिलं होतं. त्याचं म्हणणं, म्हातारा रिकाम्या हाताने स्टिअरिंग फिरवत होता आणि पायाने पुढच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. कंडक्टरने विचारलं, बाबा, काय होतंय? तर म्हणाले, काय नाय, तुमी तुमचं काम करा.

एकदा रिकामी गाडी घेऊन कसारा घाट चढून बघतो म्हणून निघाले. संध्याकाळच्या आत परत. रस्ता जाम होता असं सगळ्यांना सांगितलं. त्याच दिवशी माझा औषधांचा माल नाशिकहून त्याच रस्त्याने सरळ आला होता. पुढे त्यांनीच सांगितलं की खर्डीच्या पुढे चढण दिसली आणि त्यांचे पाय गार पडले.

मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. वहिनींनी मला दुकानात फोन करून विचारलं, तुम्ही बरोबर याल का? पिशवी गळली तर ह्यांना काही सुधरायचं नाही. ह्यांना मात्र मी बोलले म्हणून सांगू नका. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "बाय, मला बाजूला कोणतरी पायजे. मी बोललेलं परत बोलणारं."

मी म्हटलं, वहिनी आहेत की.

"ती मागं बसणार. पडदा लावून. आन् तिला सांगू नको मी इचारलं ते."

मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि गेले. एकाच कामासाठी दोघांनी चोरून विचारलं तर माणूस नाही कसं म्हणणार?

सकाळी निघालो. वहिनी मागे, पडदा ओढलेला. सरळगावच्या पुढे टोकावड्याला गाडी थांबवून त्यांनी चाकाचा प्रत्येक नट हाताने चाचपला. मग हॉटेलवाल्याच्या नळाला पाइप लावून टाकी भरायला घेतली. टाकी भरलेलीच होती, आसनगावला माझ्यादेखत भरली होती. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, जरा खाली गेलती. जिंदगीभर धरण किती भरलं ह्यावर वर्ष चांगलं का वाईट हे ठरवलेल्या माणसाला काठाच्या खाली गेलेलं पाणी बघवत नाही. आणि दुसरं कारण पडद्यामागे होतं. वाटेत पाणी संपलं आणि वहिनींची पंचाईत झाली तर त्या पुन्हा उंबऱ्याबाहेर येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

घाट सुरू झाला. "दुसरा," गिअर टाकत भाऊ म्हणाले. "दुसरा," मी म्हटलं. "हॉर्न." "हॉर्न." आपण येडे दिसत असणार असं मला वाटलं, पण हळूहळू माझीही जीभ आपोआप चालायला लागली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्या बाजूला कठडा होता, गुडघ्याएवढा, आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे. पुढची चाकं हलकी वाटत होती, स्टिअरिंग हातात नुसतं फिरत होतं, असं ते नंतर म्हणाले. तेव्हा त्यांनी ते सांगितलं नाही.

एका वळणाच्या तोंडावर वरून टोमॅटोचा ट्रक आला आणि वळण घ्यायला त्याने सगळा रस्ता घेतला. भाऊंनी गाडी थांबवली. बरोबर केलं. ट्रक गेला. आता निघायचं होतं.

"पहिला."

"पहिला."

गाडी थरथरली, वीतभर पुढे गेली आणि मागे घसरली. भाऊंनी ब्रेक दाबला. परत तसंच. तिसऱ्यांदा क्लच जळाल्याचा वास सगळ्या गाडीत भरला आणि इंजिन बंद पडलं. आरशात मला फक्त कठडा दिसत होता. भाऊंनी ब्रेकवरचा पाय उचलला नव्हता. हॅण्डब्रेक ओढलेला होता, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"बाय, उतर. मागच्या चाकांना दगड लाव."

"दगड लावते."

घाटात दगड शोधावे लागत नाहीत. आधी अडकलेल्या ट्रकवाल्यांनी लावलेले तिथंच पडलेले असतात. मी दोन्ही चाकांना दगड लावले, लाथ मारून पक्के केले आणि ओरडून सांगितलं. तेव्हा त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. खाली उतरले ते दाराला धरूनच.

मागून बघितल्यावर कुणालाही कळलं असतं. गाडीचं नाक वर आणि बूड रस्त्याला टेकायला आलेलं. मी म्हटलं, भाऊ, सगळं वजन मागे आहे, टाकी सोडा.

"नाय."

मग काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, गाडी उलटी घेऊ, हळूहळू. खाली रुंद जागा हाय तिथवर. तिथनं वळवू आन् घरी जाऊ. नंदाला फोन करून सांगू. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला खर्डी आठवली. ह्या वेळी परतले तर ही गाडी अंगणातून पुन्हा हलणार नाही आणि वहिनी त्या खोलीतून, हे मला उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं. पण गाडी त्यांची, बायको त्यांची. आणि उलटी घ्यायची तर मागे तो कठडा होता.

मागचं दार उघडलं. वहिनी पदर पोटाशी धरून रस्त्यावर उतरल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना उघड्यावर बघत होते. रंग उडालेला होता, अंग सुटलं होतं. त्यांनी आधी दरीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"पाणी सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडलं तर मंग तुझं काय गो?"

"माझं मी बघीन. कळशीभर काढून ठेवा, बास."

भाऊ टाकीच्या तोटीपाशी वाकले. हात पुढे नेला आणि तसाच ठेवला. सगळ्या नोकरीत ज्याने निरोप आल्याशिवाय पाण्याला हात लावला नव्हता, त्याला आताही हात लावता येईना. खालून दोन मोटरसायकली येत असल्याचा आवाज ऐकू येत होता. वहिनी दोन पावलं पुढे आल्या आणि धरणावरचा साहेब बोलेल तशा बोलल्या.

"पाणी सोडा, म्हणते. काय सांगितलं मी? सांगा परत."

भाऊ सरळ उभे राहिले.

"पाणी सोडतो," ते म्हणाले.

पण सोडलं नाही. कळशी भरून आत ठेवली आणि आधी खालच्या वळणापर्यंत चालत गेले. टॉर्च दाखवून त्या दोन मोटरसायकलवाल्यांना थांबवलं आणि पाणी सोडणार असल्याचं सांगितलं. पोरं घाबरून डोंगराकडे बघायला लागली. तिथून परत येऊन भाऊंनी तोटी फिरवली. एका बिऱ्हाडाचं पाणी ते. रस्त्याच्या कडेने सुकलेली पानं घेऊन खाली गेलं. मोटरसायकलवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते पाण्याच्या शेजारून वर निघून गेले. टाकीतून थेंब यायचे थांबेपर्यंत भाऊ तिथंच उभे होते. मी मनात म्हटलं, आटपा आता, बारसं दुपारचं आहे.

निघताना मी खालीच थांबले, गाडी परत घसरली तर दगड लावायला. गाडी घसरली नाही. कण्हत पुढे गेली आणि गेलीच. चढणीवर पुन्हा थांबायची भाऊंची छाती नव्हती, त्यामुळे वर बोगद्याच्या अलीकडे सपाटी लागेपर्यंत ते थांबले नाहीत, आणि मी माकडांच्या मधून पर्स छातीशी धरून चालत गेले. मधल्या वळणांवर दुसरा, पहिला, हॉर्न हे त्यांच्यामागून कोण म्हणालं ते मी ऐकलेलं नाही. मी पोचले तेव्हा माझ्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. मी मागे पलंगावर जाऊन बसले.

नंदाच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वहिनी आत गेल्या. आत काय झालं ते मला माहीत नाही, मी पडवीत चहा घेत होते. भाऊ माझ्या बाजूला बसले. त्यांच्या हातातला कप बशीवर इतका वाजत होता की नंदाच्या सासऱ्यांनी तो हळूच काढून घेतला. ते म्हणाले, नात बघा आता. भाऊंनी विचारलं, नळ कुठाय?

परत येताना सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि हॉर्नने माझे कान किटले. भाऊंना त्याचं काही नव्हतं.

मला वाटलं होतं, झालं, पोचवलं, आता ते बिऱ्हाड विकतील. त्यांनाही तसंच वाटलं असावं. वहिनींना तसं वाटलं नाही. नातीचे कान टोचायचे होते, मग तिचा वाढदिवस, मग मामेबहिणीच्या मुलीची हळद. मग नुसतंच, घाटावरची हवा बरी आहे म्हणून. भाऊ दुकानात पिशव्या न्यायला आले की माझ्याकडे तक्रार करायचे, "मला वाटलं एकदाच जायचं हाय. आता ही थांबत नाय." एकदा मी त्यांना विचारलं, आता सवय झाली असेल ना घाटाची? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिल करायला घेतलं. आदल्या रात्री त्यांना झोप लागत नाही आणि टोकावड्यापासून पुढे त्यांना कुणाचा चेहरा आठवत नाही, असं वहिनींनीच मला सांगितलं. हसून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, मग कशाला नेता म्हाताऱ्याला? त्या म्हणाल्या, मी कुठं नेते? मी नुसतं म्हणते, जाऊ या का. गाडी तेच काढतात.

शेवटचे ते मला टोकावड्यालाच दिसले. भाद्रपद होता. माझी आत्या त्या बाजूला असते, तिला बघून मी परत येत होते. रस्त्याच्या कडेला बिऱ्हाड उभं होतं, तोंड घाटाकडे. वहिनी आंब्याखाली काकड्या विकणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उकिडव्या बसल्या होत्या. काकडी मोडून चाखत होत्या, कडू निघाली म्हणून भांडत होत्या आणि त्या बायकांना कसलीतरी नक्कल करून दाखवत होत्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोटावरचा पदर सुटलेला होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

भाऊ आत स्टिअरिंगवर बसून होते. समोर घाटावर ढग उतरला होता, वरचा अर्धा डोंगर दिसत नव्हता. मी काचेशी गेले आणि म्हटलं, भाऊ, उतरा की जरा, पाय मोकळे करा.

"नको गो बाय," ते म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. "उतरलो तर परत चढायला व्हनार नाय."

तेवढ्यात वहिनी ओच्यात काकड्या घेऊन आल्या, एक मला दिली, दार ओढून पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, चला. भाऊंनी आरशात बघितलं, डाव्या आरशात बघितलं, मान बाहेर काढून मागे बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी हात दाखवला आणि गाडी ढगाच्या दिशेने काढली.